योगायोगाचे मोजमाप : यादृच्छिक अंक आणि भाषासाम्याचा प्रश्न

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी जे व्याख्यान दिले, त्यापासून तौलनिक भाषाशास्त्राचा आरंभ झाला असे मानण्याचा प्रघात आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील धातू व व्याकरणरूपे यांचे साम्य केवळ योगायोगाने उद्भवणे शक्य नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विधानाचा पुढचा भाग, म्हणजे तिन्ही भाषांचे मूळ एक असावे हा निष्कर्ष, सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याच्या पूर्वार्धाकडे जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही. ‘योगायोगाने शक्य नाही’ हे विधान वस्तुतः संभाव्यतेविषयीचे विधान होय. ते करावयाचे तर योगायोगाने किती साम्य उद्भवू शकते हे आधी माहीत असले पाहिजे. जोन्स यांच्यापाशी ते माप नव्हते. त्यांचा निर्णय पुढे अचूक ठरला, हा त्यांच्या व्यासंगाचा व अंतर्दृष्टीचा महिमा होय. परंतु त्याच तऱ्हेने दोन भाषांतील दहावीस सदृश शब्द जमवून त्यांचे नाते सांगणाऱ्या कित्येकांचे निष्कर्ष टिकले नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

हे माप कसे मिळवावे, आणि त्यासाठी यादृच्छिक अंकांचा उपयोग कसा होतो, हे भाषेच्या अभ्यासकांस सुबोध करून सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी उच्च गणिताची आवश्यकता नाही. दहापर्यंत मोजता येणे आणि धीर धरणे, एवढे भांडवल पुरेसे आहे.

१. यादृच्छिक अंक म्हणजे काय?

शून्यापासून नऊपर्यंतच्या अंकांची अशी एक मालिका कल्पावी, की जीत कोणत्याही स्थानी दहांपैकी कोणताही अंक येण्याचा संभव सारखाच आहे आणि मागचे सर्व अंक ठाऊक असूनही पुढचा अंक सांगता येत नाही. अशा मालिकेतील अंकांस यादृच्छिक अंक म्हणतात. ते मनाने रचता येतील असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तसे होत नाही. मनुष्य अंक लिहू लागला की तोच अंक लागोपाठ दोनदा लिहिणे तो टाळतो, कारण तशी पुनरुक्ती त्याला ‘मुद्दाम केल्यासारखी’ वाटते. खऱ्या यादृच्छिक मालिकेत शंभर अंकांमागे अशा सुमारे दहा जोड्या सरासरीने येतात. यदृच्छेला समतोलाची आवड नाही. ती आपल्या मनाला आहे.

म्हणूनच संख्याशास्त्रज्ञांना असे अंक प्रयत्नपूर्वक जमवावे लागले. टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतील आकड्यांतून घेतलेले ४१,६०० अंक प्रसिद्ध केले. केंडॉल व बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९३९ मध्ये एका यंत्राच्या साहाय्याने मिळविलेल्या एक लक्ष अंकांचा संग्रह छापला. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने विद्युत्‌स्पंदांपासून मिळविलेल्या दहा लक्ष अंकांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यात वाचण्यासारखे एकही वाक्य नाही अशा त्या कोष्टकांवर विसाव्या शतकातील कितीतरी संशोधन उभे आहे. आपल्याकडे महालनोबिस यांनी बंगालमध्ये केलेल्या ताग-पिकाच्या पाहण्या व पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना विकसित केलेली पीककापणीची प्रयोगपद्धती यांच्या मुळाशीही हेच तत्त्व होते : कोणत्या शेतातील कोणता तुकडा तपासावयाचा, हे माणसाच्या पसंतीवर न सोडता यदृच्छेवर सोपविणे. आज हे काम संगणक निमिषार्धात करतो, हे खरे. तथापि पद्धतीचे मर्म हाताने केल्याखेरीज उमगत नाही. म्हणून येथे आपण ते हातानेच करू.

कोष्टक जवळ नसल्यास ‘पाय’ या संख्येचे दशांश कामी येतात. वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे हे गुणोत्तर कोणालाही गणिताने काढता येते, तेव्हा त्याचे अंक काटेकोर अर्थाने यादृच्छिक नव्हेत. शिवाय ते सर्वत्र समप्रमाणात विखुरलेले आहेत हे अद्याप सिद्धही झालेले नाही. परंतु आजवर केलेल्या कसोट्यांत ते यादृच्छिक अंकांसारखेच वागतात. पहिल्या शंभर स्थानांत ० ते ९ हे अंक अनुक्रमे ८, ८, १२, ११, १०, ८, ९, ८, १२ व १४ वेळा येतात, आणि लागोपाठच्या समान अंकांच्या जोड्या सहा आढळतात. प्रत्येक अंक नेमका दहा वेळा व जोड्याही नेमक्या दहा आल्या असत्या, तर ते उलट संशयास्पद ठरले असते.

२. प्रश्नाची मांडणी

एक ते दहा या संख्यांची तीन भाषांतील नावे घेऊ.

मराठी : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा.
लॅटिन : ऊनुस, दुओ, त्रेस, क्वात्तुओर, क्वीन्क्वे, सेक्स, सेप्तेम, ओक्तो, नोवेम, देकेम.
कन्नड : ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु.

साम्य कशास म्हणावयाचे, हे तुलना करण्यापूर्वीच ठरविले पाहिजे. आपला नियम असा : शब्दाचा आद्य वर्ण तेवढा पाहावयाचा, आद्य व्यंजन तेच असेल तर साम्य मानावयाचे, सर्व स्वरांचा मात्र एकच वर्ग समजावयाचा, ‘त’ आणि ‘द’ भिन्न धरावयाचे. या नियमाने मराठी व लॅटिन यांच्यात आठ ठिकाणी साम्य आढळते. केवळ चार व पाच या दोन ठिकाणी ते नाही. मराठी व कन्नड यांच्यात दोन ठिकाणी साम्य आहे : एक–ओंदु आणि आठ–एंटु.

आठ हा आकडा मोठा आणि दोन हा लहान, हे तर दिसतेच आहे. पण किती मोठा व किती लहान? दोन साम्येसुद्धा काही सुचवीत नाहीत काय? या दोन भाषा शतकानुशतके शेजारी नांदत आल्या आहेत. तेव्हा एखाद्या उत्साही अभ्यासकाने त्या दोहोंवर इमारत रचली, तर त्याला काय उत्तर द्यावयाचे?

उत्तर देण्याची रीत अशी. मराठी शब्दांचा क्रम तसाच ठेवून दुसऱ्या भाषेतील दहा शब्द वाटेल तसे पिसावे व पुन्हा जोड्या लावून साम्ये मोजावी. पिसल्यामुळे अर्थाचा संबंध तुटतो. ‘दोन’ची गाठ ‘ओक्तो’शी पडते. तरीही जी साम्ये दिसतील ती निव्वळ योगायोगाची होत. हा प्रयोग अनेकदा केला म्हणजे योगायोगाच्या साम्याची स्वाभाविक मर्यादा आपोआप कळते. प्रत्येक भाषेत कोणत्या वर्णाने आरंभ होणारे शब्द किती, हे पिसण्याने बदलत नाही, हा या रीतीचा विशेष गुण आहे. कन्नडच्या यादीत दहांपैकी सात शब्द स्वरादी आहेत, ही गोष्ट प्रत्येक प्रयोगात आपोआप हिशेबात धरली जाते.

३. दहा प्रयोग

‘पाय’चे दशांश असे आहेत : १४१५९ २६५३५ ८९७९३ २३८४६ २६४३३ ८३२७९ ५०… ते डावीकडून वाचीत जावे, एकदा आलेला अंक पुन्हा आल्यास सोडून द्यावा, आणि शून्यास दहा समजावे. बत्तिसाव्या स्थानी शून्य येते तेव्हा दहाही अंक पुरे होतात व हा क्रम मिळतो : १, ४, ५, ९, २, ६, ३, ८, ७, १०. याचा अर्थ असा, की ‘एक’शी लॅटिनमधील पहिला शब्द जोडावयाचा, ‘दोन’शी चौथा, ‘तीन’शी पाचवा, आणि याप्रमाणे पुढे. या जुळणीत एक–ऊनुस, सहा–सेक्स, आठ–ओक्तो, दहा–देकेम अशी चार साम्ये निघाली.

पहिल्याच प्रयोगात चार! येथेच थांबणारा मनुष्य म्हणेल की योगायोगाने चार साम्ये सहज मिळतात. एका प्रयोगावरून काहीही ठरवू नये, हा धडा इथेच घ्यावा. तेहेतिसाव्या स्थानापासून पुढे वाचीत गेल्यास दुसरा क्रम मिळतो, त्याच्यापुढे तिसरा. आणि २८८ व्या स्थानापर्यंत असे दहा क्रम पुरे होतात. त्यांतील मराठी–लॅटिन साम्यांची संख्या क्रमाने अशी येते : ४, ३, १, १, ०, २, २, ०, २, २. सरासरी १·७. हेच दहा क्रम कन्नडच्या यादीस लावले असता साम्ये येतात ती अशी : २, १, १, १, ०, २, २, ०, २, २. सरासरी १·३.

आता मूळ आकड्यांकडे वळावे. मराठी–कन्नड यांची प्रत्यक्ष साम्ये दोन. आणि पिसलेल्या दहा जुळण्यांपैकी पाचांत दोनच साम्ये मिळाली. जी गोष्ट यदृच्छा दोनांपैकी एका वेळी करून दाखविते, तिचा अर्थ लावीत बसण्याचे कारण उरत नाही. मराठी–लॅटिन यांची प्रत्यक्ष साम्ये आठ; दहा प्रयोगांत चाराच्या पुढे मजल गेली नाही.

येथे संख्या लहान असल्यामुळे गणितानेही पडताळा घेता येतो. योगायोगाने अपेक्षित असलेली सरासरी लॅटिनबाबत १·४ व कन्नडबाबत १·५ आहे. म्हणजे दोन्ही तुलनांत यदृच्छेचा वाटा जवळजवळ सारखाच. कन्नडशी दोन किंवा अधिक साम्ये मिळण्याची संभाव्यता शेकडा ५०·६ येते. लॅटिनशी आठ साम्ये मिळण्याचे मात्र दहा शब्दांच्या एकूण ३६,२८,८०० क्रमांपैकी अवघे १६ क्रम आहेत. म्हणजे २,२६,८०० त एक एवढीच संभाव्यता होय.

४. किती प्रयोग पुरेत?

दहा प्रयोगांनी कन्नडचा प्रश्न निकालात काढला. लॅटिनचा मात्र काढला नाही, हे लक्षात ठेवणे अवश्य आहे. दहांत एकदाही आठ आले नाहीत, यावरून आठ येणे दुर्मिळ आहे एवढेच कळते. किती दुर्मिळ ते कळत नाही. एखाद्या घटनेची संभाव्यता शेकडा २६ असली तरी दहा प्रयोगांत ती एकदाही न घडण्याचा संभव सुमारे शेकडा पाच असतो. हजार प्रयोग केले व एकदाही आठ आले नाहीत, तर ती संभाव्यता हजारी तीनांहून अधिक नसावी असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. याहून सूक्ष्म निर्णय हवा असेल तर प्रयोग लक्षावधी केले पाहिजेत, आणि तेथे संगणकाला शरण जाण्यावाचून गत्यंतर नाही. जितका दुर्मिळ परिणाम पारखावयाचा तितके प्रयोग अधिक, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

या विचारसरणीचे एक प्रसिद्ध उदाहरण फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात दिले आहे. चहात दूध आधी घातले की मागून, हे चवीवरून ओळखता येते असे एक बाई म्हणतात. आठ पेल्यांपैकी चारांत दूध आधी घातले आहे. ते चार पेले त्यांनी केवळ अंदाजाने अचूक निवडण्याची संभाव्यता सत्तरात एक आहे. प्रश्न चहाचा असो की भाषेचा, तर्क एकच : प्रथम ‘येथे यदृच्छेखेरीज काही नाही’ असे गृहीत धरावयाचे, आणि त्या गृहीताखाली दृष्ट परिणाम कितपत दुर्मिळ ठरतो ते पाहावयाचे.

५. शोधाची व्याप्ती

आतापर्यंत आपण यादी आधी ठरविली व नियमही आधी ठरविला. व्यवहारात बहुधा उलट घडते. सबंध शब्दकोश चाळून सदृश शब्द वेचले जातात आणि नियम त्यांच्यामागून येतो. याचा परिणाम किती मोठा होतो ते पाहावे.

तीन-तीन अंकांचे गट वाचावयाचे व ‘०००’ हा गट आला की त्यास ‘संपूर्ण साम्य’ म्हणावयाचे, असे समजू. प्रत्येक गटास हजारात एक अशी संधी आहे. दोन शब्दांचे ध्वनी व अर्थ दोन्ही जुळण्याची संधी उदाहरणापुरती तेवढीच धरू. एकच गट वाचून ‘०००’ मिळाले तर ते खरोखर आश्चर्य होय. पण हजार गट वाचले तर ते निदान एकदा मिळण्याची संभाव्यता शेकडा ६३ आहे. त्यातून अर्थाची मर्यादा सैल केली, म्हणजे ‘डोळा’ या शब्दाला ‘पाहणे’, ‘मुख’, ‘प्रकाश’, ‘तारा’ असे दहा अर्थ चालतील असे म्हटले, तर हजार शब्दांमागे सुमारे दहा ‘साम्ये’ निव्वळ योगायोगाने हाती येतील. दहा उदाहरणांनी लेख सजतो. पण काहीही सिद्ध होत नाही.

जगात आज सुमारे सात हजार भाषा आहेत व त्यांच्या जोड्या दोन कोटी चव्वेचाळीस लक्षांहून अधिक होतात. तेव्हा ऑस्ट्रेलियातील म्बाबरम या भाषेत कुत्र्याला इंग्रजीप्रमाणेच ‘डॉग’ सारखा शब्द असावा, किंवा ‘वाईट’ या अर्थी फारसी व इंग्रजी या दोन्ही भाषांत ‘बद’–‘बॅड’ अशी रूपे असावी, यात नवल नाही. नवल असे एकही उदाहरण न सापडते तर होते. ‘आभारी आहे’ या अर्थाचे जपानी ‘अरिगातो’ व पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’ यांची जोडी अशीच फसवी आहे. पोर्तुगीज जपानात १५४३ साली पोहोचले, आणि जपानी शब्दाचे मूळ रूप त्याच्या कितीतरी आधीच्या वाङ्मयात आढळते.

नियम सैल करण्याचेही मोल मोजता येते. आपल्या उदाहरणात ‘त’ आणि ‘द’ एकच मानले, तर मराठी–लॅटिन साम्ये आठाची आठच राहतात. परंतु ती योगायोगाने मिळण्याचे क्रम १६ ऐवजी ४८ होतात. पुरावा तोच, पण त्याचे वजन एका सवलतीने तिपटीने घटले. मागाहून घेतलेल्या प्रत्येक सवलतीची किंमत अशी चुकती करावी लागते.

‘पाय’च्या दशांशांतच याचे एक उदाहरण आहे. ७६२ व्या स्थानापासून सहा नऊ लागोपाठ येतात. इतक्या लवकर कोणताही एक अंक सलग सहा वेळा येण्याची संभाव्यता सुमारे दीडशेत एक आहे. यात काही गूढ असावे काय? पण ‘१२३४५६’ आले असते किंवा ‘१२१२१२’ आले असते, तरी आपण असेच चकित झालो असतो. चकित होण्याचे सर्व प्रकार मिळविले म्हणजे त्यांपैकी एखादा दिसणे ही साधारण गोष्ट ठरते.

६. निष्कर्षाच्या मर्यादा

दोन लक्षांहून अधिकांत एक ही संभाव्यता म्हणजे ‘मराठी व लॅटिन यांचे नाते नसण्याची संभाव्यता’ नव्हे. हा गैरसमज विद्वानांतही आढळतो. तिचा अर्थ एवढाच, की केवळ यदृच्छा असती तर असे साम्य इतके दुर्मिळ ठरले असते. यदृच्छा बाद झाली तरी आदान, अनुकरणध्वनी व कुलसंबंध ही कारणे शिल्लक राहतात. जपानीत रूढ असलेल्या संख्यावाचकांचा एक संपूर्ण संच चिनी भाषेतून आलेला आहे. तेथे आपली कसोटी ‘योगायोग नाही’ असे यथार्थच सांगेल, परंतु त्यावरून जपानी व चिनी एकाच कुळातील ठरत नाहीत. मराठी व कन्नड यांचे शब्दकोश ताडून पाहिले तर अण्णा, अक्का यांसारखी पुष्कळ समान पदे निघतील. ती शेजाराची साक्ष होत, जन्माची नव्हेत.

उलटपक्षी, कसोटीने न पकडलेले साम्य खोटे असते असेही नाही. चार–क्वात्तुओर आणि पाच–क्वीन्क्वे या जोड्या आपल्या नियमाने वगळल्या गेल्या, परंतु त्या सगोत्र आहेत. संस्कृतातील ‘चतुर्’ मधील ‘च’ शी लॅटिनमधील ‘क्व’ नियमाने अनुरूप आहे, आणि लॅटिनमध्ये ‘पाच’च्या आरंभीचा मूळ ‘प’ पुढील ‘क्व’च्या प्रभावाने बदललेला आहे. हे ज्ञान ध्वनिनियमांचे आहे. ते अंकांच्या कोष्टकातून मिळणार नाही. नियमित ध्वनिसंवाद शोधणे हे भाषाशास्त्राचे काम पूर्वीइतकेच अवश्य राहते. यादृच्छिक अंक त्या वाटेवरील पहिली चौकी तेवढी सांभाळतात.

ही चौकी अनावश्यक आहे असे मात्र कोणी समजू नये. रॉबर्ट ऑस्वॉल्ट यांनी १९७० मध्ये एका भाषेची शब्दयादी दुसरीच्या तुलनेत एकेक घर सरकवून योगायोगाचे साम्य मोजण्याची रीत सुचविली. डोनाल्ड रिंज यांनी १९९२ मध्ये याच प्रश्नाचा संभाव्यतागणिताने विचार केला, आणि ब्रेट केसलर यांनी २००१ च्या ग्रंथात पिसण्याची पद्धती सविस्तर मांडली. या मंथनाला एक ताजे निमित्तही होते. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९८७ मध्ये अमेरिका खंडांतील बहुतेक मूळ भाषांना एकाच कुळात बसविले. शेकडो भाषांत एकाच वेळी सदृश शब्द शोधण्याच्या त्या पद्धतीवर मुख्य आक्षेप आला तो हाच, की इतक्या विस्तृत शोधात योगायोगाने किती साम्ये हाती येतील याचा हिशेब त्यांनी मांडला नव्हता.

भाषेच्या कुळाशी तिच्या भाषकांचा अभिमान, इतिहास आणि कित्येकदा राजकारणही निगडित असते. म्हणून साम्यावरून नाते सांगणाऱ्याने चार गोष्टी वाचकापुढे ठेवाव्या : शब्दयादी आधी कशी ठरविली, साम्याचा नियम कोणता धरला, एकूण किती तुलना केल्या, आणि यादी पिसून पाहता योगायोगाने किती साम्ये मिळाली. यांतील चौथ्या प्रश्नाचे उत्तर काढावयास आरंभी कागद, पेन्सिल व अंकांचे एक कोष्टक पुरते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या दोन भाषांवर हा प्रयोग एकदा तरी हाताने करून पाहावा, आणि प्रयोग संपेपर्यंत आपले अनुमान लिहून बाजूस ठेवावे.